शाळा उघडण्यापूर्वी करावयाची कामे

विदर्भ वगळता महाराष्ट्रातल्या शाळा 15 जूनच्या आसपास उघडतात. विदर्भात ऊन उशिरापर्यंत रेंगाळते, म्हणून तिथल्या मुलांना आठवडा-पंधरवडा जास्त मिळतो. 2025 साली 15 जूनला रविवार आला, त्यामुळे राज्यात घंटा 16 जूनला वाजली आणि विदर्भात 23 जूनला. एका दिवसाच्या या वाढीव सुट्टीने मुले हरखली. घरातली मोठी माणसे हरखल्याची नोंद कुठे आढळत नाही. मे महिना अर्धा सरला की शाळेची खरी ओढ कोणाला लागते, हे त्यावरून समजावे.

लोणी देवकर हे इंदापूर तालुक्यातले, पुणे-सोलापूर महामार्गावरचे गाव. एकीकडे औद्योगिक वसाहत, दुसरीकडे उजनीचे फुगवट्याचे पाणी आणि उरलेल्या जागेत ऊस. इथली घरे वरवर पाहता तीन प्रकारची: शिफ्टची, उसाची आणि गाईंची. प्रत्यक्षात बहुतेक घरे एकाच वेळी तिन्ही असतात. वडील कंपनीत, चुलते रानात, आई आणि आजी गोठ्यात, आणि या तिन्ही वेळापत्रकांच्या मधल्या फटीत मूल शाळेत पाठवायचे असते. शालेय वर्षाची तयारी म्हणजे मुलाची तयारी, असा एक समज पुस्तकांतून पसरला आहे. मूल तसे कधीही तयार असते किंवा कधीच नसते. तयारी लागते ती बाकीच्यांची.

मुळात जून हा महिना या कामासाठी कोणी निवडला असेल त्याला शेती नसावी. 7 किंवा 8 तारखेला मृग लागतो. लग्नसराईची शेपटी अजून वळवळत असते. वटपौर्णिमा येते, पाठोपाठ तुकोबांची पालखी तालुक्यात शिरते, मग बेंदूर. आणि याच वेळी उजनी धरण तळाला गेलेले असते. उजनीची साठवण सुमारे 117 टीएमसी. त्यातले जवळपास 63 टीएमसी पाणी मृतसाठ्यात मोडते. पातळी त्याखाली उतरली की वर्तमानपत्रे टक्केवारी उणे छापू लागतात आणि पळसदेवचे पाण्यात गेलेले जुने देऊळ उघडे पडते. घरातल्या पैशाचा साठाही त्याच सुमारास मृतसाठ्यात गेलेला असतो. फरक इतकाच, की त्यातून देऊळ वर येत नाही.

पैशाची बाजू आधी पाहणे बरे, कारण पुढच्या सगळ्या गोष्टी तिच्यावर चालतात. ऊस गेल्यावर 14 दिवसांत पैसे द्यावेत, असे 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. हा आदेश शेतकऱ्याला पाठ असतो. पण आलेले पैसे मार्च-एप्रिलमध्येच सोसायटी, खत आणि एखाद्या लग्नात वाटले जातात. जूनमध्ये घराला खरा आधार दुधाचा. डेअरीचे पैसे दर दहा दिवसांनी होतात आणि त्याला या भागात सरळ ‘दुधाचा पगार’ म्हणतात. जूनचा पहिला पगार वह्या-पुस्तकांचा, दुसरा कपड्यांचा आणि तिसरा पेंडीचा, कारण पगार ज्यांच्यामुळे होतो त्यांनाही खावे लागते. म्हणून अनेक घरांत मुलाच्या पायात बूट येतात ते शाळा उघडल्यानंतरच. वर्गशिक्षकांना हे वेळापत्रक ठाऊक असते आणि ते 20 जूनपर्यंत चपलांकडे पाहत नाहीत.

पैशानंतर कागद. मागच्या पिढीत हा भाग फार सोपा होता. पोराला शाळेत आणले की गुरुजी त्याला उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला लावत. कान हाताला लागला की वय झाले. मग जन्मतारीख विचारत. आजी सांगे की उजनीचे पाणी जुन्या गावात शिरले त्याच्या दुसऱ्या पावसाळ्यात, म्हैस व्यायली त्या आठवड्यात. हजेरीपटाला इतका तपशील पेलत नसल्याने गुरुजी 1 जून अशी तारीख टाकीत आणि वर्ष अंगापिंडावरून ठरवीत. परिणामी महाराष्ट्राच्या एका अख्ख्या पिढीत 1 जूनला जन्मलेल्यांची संख्या निसर्गाच्या आवाक्याबाहेर गेली. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून 31 मे हा कचेऱ्यांमध्ये सामुदायिक निरोपाचा दिवस ठरला. सकाळी निरोपाचा नारळ आणि दुसऱ्या दिवशी वाढदिवसाचा फोन, हा योग त्या गुरुजींच्या लेखणीने जुळवून आणलेला असतो.

आता जन्मदाखला आहे, आधार आहे, रेशनकार्ड आहे, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आहे. आणि या सर्वांवर एकाच मुलाचे नाव निरनिराळ्या प्रकारे लिहिलेले आहे. इंग्रजीत एका कागदावर एक ‘ए’, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर आडनावातला ‘एच’ गळलेला. दुरुस्तीसाठी ई-सेवा केंद्रात जावे तर तिथे सर्व्हर डाऊन. सर्व्हर चालू असेल तर मुलाचा अंगठा उमटत नाही, कारण सुट्टीभर ते चिंचा फोडत, विटी कोरत आणि आंब्याचा चीक अंगावर घेत हिंडलेले असते. पहिलीच्या प्रवेशासाठी 31 डिसेंबरपर्यंत 6 वर्षे पूर्ण व्हावी लागतात. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जन्मलेल्या मुलाचे वडील शाळेत येऊन “चार दिवसांनी काय होतंय, सर?” असे विचारतात. सर खिडकीबाहेर पाहतात. संगणकाला पूर्वीच्या गुरुजींसारखे अंगापिंडाकडे पाहता येत नाही.

यात एक बदल पुढे यायचा आहे. 1 मे 2024 रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांत आधी मुलाचे, मग आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव लिहावे, असा राज्य सरकारचा निर्णय आहे. यातली पहिली मुले 2030 च्या जूनमध्ये पहिलीत बसतील. तोवर अर्जांच्या चौकटी थोड्या लांब कराव्या लागतील. आत्ताच्या चौकटीत बापाचेच नाव मावत नाही आणि आडनाव ‘देव’वर संपते.

दरम्यान, मुलाला शाळा हवी असते तितकेच शाळेला मूल हवे असते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षकांची पदे पटावर ठरतात. शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक वर्गांसाठी 30 मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण घालून दिले आहे. त्यामुळे एप्रिलपासूनच गुरुजी आणि बाई वस्त्यावस्त्यांवर फिरू लागतात. अंगणवाडीतून कोण बाहेर पडणार, वसाहतीत कामाला आलेल्या कोणाच्या घरी सहा वर्षांचे पोर आहे, याची यादी त्यांच्याजवळ मतदारयादीपेक्षा अद्ययावत असते. 2022 पासून राज्यात ‘पहिले पाऊल’ नावाचे शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात, एक उन्हाळ्यात आणि एक शाळा उघडताना. तिथे टेबले मांडलेली असतात. एका टेबलावर मूल उड्या मारते, दुसऱ्यावर रंग ओळखते, तिसऱ्यावर मोजते. आईने टेबलाशेजारी गप्प उभे राहावे अशी अपेक्षा असते. ती कोणत्याही मेळाव्यात पुरी झालेली नाही. “सांग की, घरी सांगतोस की!” हे वाक्य प्रत्येक टेबलावर ऐकू येते, आणि मूल घरी जे सांगते ते इथे सांगत नाही हीच त्याच्या सामाजिक विकासाची पहिली खूण मानायला हरकत नाही.

शाळा कोणती, हा प्रश्न खरे म्हणजे मुलाच्या बारशालाच निघालेला असतो. गावातली मराठी शाळा, पिवळ्या बसची भिगवण किंवा इंदापूरची इंग्रजी माध्यमाची शाळा, की बारामती? बारामतीला विद्या प्रतिष्ठानसारख्या 1972 पासूनच्या संस्था आहेत आणि तिथे मावशीही आहे, त्यामुळे या पर्यायावर घरात सर्वांत जास्त बोलले जाते. निर्णय मात्र बस घरासमोर वळते की नाही यावर होतो.

मग खरेदी. पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तके सरकारी आणि अनुदानित शाळांत मोफत मिळतात. ती छापणारी बालभारती 1967 साली पुण्यात स्थापन झाली, आणि मराठी माणसाच्या आयुष्यात तिच्या पुस्तकांइतक्या वेळा कव्हर घातलेली दुसरी वस्तू नसावी. अलीकडे या पुस्तकांनी बरेच सोसले आहे. दप्तर हलके व्हावे म्हणून 2023-24 पासून त्यांत वहीची कोरी पाने घातली. मुलांनी पुस्तकात लिहिले नाही, वह्या आणल्याच, आणि दप्तर कोऱ्या पानांइतके जड झाले. 2025 च्या जानेवारीत ही पाने काढायचे ठरले. त्याच वर्षी पहिलीच्या मुलांसाठी तिसऱ्या भाषेचा निर्णय 16 एप्रिलला आला, 17 जूनला बदलला आणि 29 जूनला मागे घेतला गेला. पहिलीतल्या मुलांना यातले काही कळले नाही. ती त्या पंधरवड्यात पाण्याच्या बाटलीचे झाकण कोणत्या बाजूने फिरते ते शिकत होती.

वह्यांचे शास्त्र स्वतंत्र आहे. दुरेघी, चौरेघी, चौकटीची, एकरेघी, कोरी, शंभर पानी, दोनशे पानी, लाँगबुक. शाळेची यादी व्हॉट्सॲपवर येते आणि तिच्या तळाशी ‘इतर : 4’ असे असते. या चार वह्या कशासाठी, हे पालकांच्या गटावर विचारले जाते. गटावर त्याचे उत्तर येत नाही, ‘शुभ सकाळ’ येते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात भिगवणच्या किंवा इंदापूरच्या स्टेशनरीच्या दुकानासमोर मोबाईल उंच धरलेले हात दिसतात. दुकानदार न पाहता हात मागे नेतो आणि नेमकी वही काढतो. त्याला गावातल्या सर्व इयत्तांचा अभ्यासक्रम पालकांपेक्षा चांगला माहीत असतो. खोडरबर मुलाने स्वतः निवडायचे असते. एवढीच एक निवड त्याच्या वाट्याला येते, म्हणून तो तिला वीस मिनिटे लावतो आणि शेवटी खाण्याचा वास येणारे खोडरबर घेतो. ते तो तिसऱ्या दिवशी चावून पाहतो.

काही कुटुंबे स्वस्ताईसाठी बारामती गाठतात. एका मुलाच्या दप्तरासाठी निघताना गाडीत घरची सर्व मुले, आजी आणि शेजारची एक मुलगी असते. दप्तरावर सवलत मिळते. मग भेळ होते, उसाचा रस होतो. स्वतःच्या रानात एकरी साठ टन ऊस असलेले कुटुंब पैसे देऊन रस पिते आणि “बर्फ जास्त टाकला” म्हणून कुरकुरते. येताना आजीचे चष्म्याचे राहिलेले काम होते. सवलतीतून वाचलेली रक्कम हिशेबात कुठे गेली ते सापडत नाही, आणि शोधायचा कोणी प्रयत्नही करत नाही.

दप्तराच्या वजनाबद्दल 2015 चा शासननिर्णय आहे: ओझे मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या वर जाऊ नये. वीस किलोच्या मुलाला दोन किलो. आजकालचे दप्तर, त्याच्या पाठीला लावलेला कार्टूनचा उठावदार प्लास्टिकचा चेहरा, आतले नऊ कप्पे, भरलेली पाण्याची बाटली आणि डबा एवढ्यातच ही मर्यादा गाठली जाते. पुस्तकासाठी वाव उरत नाही. यावर ग्रामीण भागात निघालेला तोडगा असा, की मुलाचे वजन वाढवावे. तो आजीच्या ताब्यात आहे.

आता कव्हरे. हा सोहळा शाळेच्या आदल्या दोन रात्रींत उरकला जातो, कारण त्याआधी तो उरकेल अशी सर्वांची समजूत असते. जेवणे झाली की घरात मधोमध सतरंजी पडते. खाकी कागदाचे भेंडोळे, कात्री, चिकटपट्टी आणि लेबलांचा ताव मांडला जातो. पहिले कव्हर आई घालते. कोपरे काटकोनात, कडा सुरीसारख्या. तिसऱ्या पुस्तकाला वडील बसतात आणि कागद अर्ध्या बोटाने कमी कापतात. चिकटपट्टीचे टोक हरवते. ते शोधण्यासाठी आजोबा नखाने पट्टीची पूर्ण प्रदक्षिणा करतात. ज्या मुलाच्या पुस्तकांसाठी हे चालले आहे तो नवव्या मिनिटाला सतरंजीवरच झोपलेला असतो आणि त्याच्या पोटाखाली भूगोल असतो. लेबलावर नाव लिहायचे काम ज्याचे अक्षर चांगले त्याच्याकडे, म्हणजे बहुधा कॉलेजला जाणाऱ्या आत्याकडे जाते. तिला नाव, इयत्ता, तुकडी, विषय, शाळा एवढे एकवीस वेळा लिहावे लागते. पंधराव्या लेबलानंतर ती तुकडी लिहायचे सोडते. शेवटी एक कव्हर उलटे बसते आणि त्या वर्षभर गणिताचे पुस्तक मागून उघडते.

खाकी कागद सर्रास मिळू लागण्यापूर्वी कव्हरे वर्तमानपत्राची असत आणि चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ असे. त्या कव्हरांचे शैक्षणिक मोल वादातीत होते. कंटाळवाण्या तासाला मूल कव्हर वाचे. साखर कारखान्यांच्या निवडणुका, कांद्याचे भाव, हरवलेल्या बैलाची जाहिरात अशी माहिती एका पिढीने अशी मिळवली आणि ती शेवटपर्यंत विसरली नाही; धडे मात्र विसरली. खळ मुंग्यांना आणि उंदरांना आवडे, तो भाग वेगळा.

गणवेशाचे तत्त्व एकच आहे: वाढत्या अंगाचा घ्यावा. दुकानदार मापाचा शर्ट काढतो, आई तो बाजूला सारते आणि “ह्याच्यापेक्षा मोठा दाखवा” म्हणते. मुलाला उभे करून अंगावर कापड लावले जाते. बाह्या बोटांच्या टोकाला लागल्या की माप बरोबर. पहिल्या वर्षी या शर्टात मूल शोधावे लागते. दुसऱ्या वर्षी शर्ट नेमका बसतो, पण तोवर त्याचा रंग गेलेला असतो. तिसऱ्या वर्षी तो धाकट्याला वाढत्या अंगाचा म्हणून येतो. चड्डीची किंवा फ्रॉकची आतली दुमड दरवर्षी एक टीप उसवून सोडतात, आणि जुन्या घडीच्या जागी गडद पट्टा उरतो. मुलाची उंची कोणत्या साली किती वाढली हे त्या पट्ट्यांवरून नीट मोजता येते. आरोग्यपत्रिकेतली नोंद इतकी भरवशाची नसते. बुटांनाही हाच नियम. एक नंबर मोठा घ्यायचा आणि पुढे कापूस भरायचा. सप्टेंबरपर्यंत कापूस गायब होतो आणि पायाची लांबी त्याची जागा घेते.

शासनानेही गणवेशात लक्ष घातले होते. 2024-25 साली राज्यभर एकसारखे कापड देऊन ते महिला बचत गटांकडून शिवून घ्यायचे ठरले. मापे हजारो, शाळा हजारो, आणि जून मात्र एकच. अनेक शाळांत गणवेश उशिरा पोचले. पुढच्या वर्षी हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आले. या साऱ्या काळात लोणी देवकरसारख्या गावांतल्या शिंप्याला काही विशेष वाटले नसावे. लोक त्याच्याकडे 12 जूनला कापड टाकतात, 14 ला मागतात, आणि तो 18 ला देतो. ही पद्धत कोणत्याही योजनेपेक्षा जुनी आहे.

कपड्यांनंतर खुद्द मुलाचे शरीर ताब्यात घ्यावे लागते. दीड महिना ते मामाच्या गावाला होते. मामाच्या गावाहून मूल परत येते तेव्हा त्याच्यासोबत गुडघ्यावरच्या दोन खपल्या, एक नवी शिवी आणि, मुलगी असेल तर, उवा येतात. खपली आपोआप जाते. शिवी पहिल्यांदा बाहेर पडते ती नेमकी पाहुण्यांसमोर, आणि मग मामाकडच्या माणसांविषयी आजीला जे वर्षभर म्हणायचे असते ते ती म्हणून घेते. उवांसाठी फणी, रॉकेलचा वास आठवणारी आजी आणि अंगणातली एक दुपार लागते. मुलींच्या हातावर चुलतबहिणीच्या हळदीची मेंदी अजून ताजी असते. शाळेला मेंदी चालत नाही आणि मेंदीला शाळा उघडल्याचे कळत नाही. मुलांचे केस कापायला वडील नेतात आणि “बारीक करा, दोन महिने पुरले पाहिजेत” एवढेच सांगतात. परिणाम दिसल्यावर मुलगा चार दिवस टोपी काढत नाही.

उठण्याची सवय हे सर्वांत अवघड प्रकरण. बालसंगोपनाच्या पुस्तकांत आठवडाभर आधीपासून मुलाला रोज थोडे लवकर उठवावे असे लिहिलेले असते. इथे घरातले दिवे निरनिराळ्या वेळी पेटतात. शेतीपंपाची वीज पाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री. रात्रीची लाइट असली की चुलते बारा वाजता उसाला दारे धरायला जातात आणि पहाटे चिखलाच्या पायांनी परततात. गाईंच्या धारा पाचला. वडिलांची पहिली शिफ्ट. एवढ्या वर्दळीत मूल गाढ झोपून राहू शकते, ही त्याची खरी कमाई आहे आणि ती मोडायला कोणाचे मन होत नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नयेत असे सांगितले. मुलांची झोप पुरी व्हावी हा हेतू. गावातल्या आज्यांना हा निर्णय वाचून दाखवला तर त्या आधी नीट ऐकतात आणि मग “नऊ म्हणजे सकाळचे का?” असे विचारतात.

डब्याविषयी थोडक्यात. जिल्हा परिषदेच्या शाळेत दुपारी पोषण आहार मिळतो, खिचडी ही त्याची लोकमान्य ओळख. तरी आई डबा देते, कारण डबा न देणे म्हणजे काय, हे शेजारणीला लगेच कळते. पिवळ्या बसच्या शाळेत वारानुसार डब्याचा तक्ता येतो: सोमवारी पोळी आणि कोरडी भाजी, मंगळवारी कडधान्य, बुधवारी फळ. तक्ता फ्रिजवर चिकटवला जातो. पहिल्या आठवड्यात तो पाळला जातो. दुसऱ्या आठवड्यात सर्व वारी पोळी आणि गूळ-तूप असते, डबा रिकामा येतो, आणि दोन्ही बाजूंना काही तक्रार उरत नाही.

जाण्यायेण्यात एसटीचा वाटा मोठा. विद्यार्थ्यांना पासावर भाड्यात दोन तृतीयांश सूट आहे, आणि बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत. हायस्कूलला इंदापूर गाठणाऱ्या मुलींच्या घरी त्यामुळे जूनमधला एक खर्च कमी झाला. महामार्गावर हात केला तर एसटी थांबेल की नाही हे मात्र पासावर छापलेले नसते. ज्यांची मुले पिवळ्या बसने जातात त्यांना वेगळी चिंता. चालक हॉर्न तीनदा वाजवतो, आणि तिसऱ्या हॉर्नला एक मोजा नेमका सापडत नसतो.

पाऊस कोणी हिशेबात धरत नाही, पण धरावा. इंदापूर-बारामती हा अवर्षणाचा पट्टा, म्हणून रेनकोट ‘पडला तर बघू’ या सदरात. 2025 च्या मे महिन्याच्या शेवटी इथे असा पाऊस पडला की बारामतीजवळ नीरा डावा कालवा फुटला आणि दुकाने-घरांत पाणी शिरले. त्या वर्षी शाळेच्या तयारीत रेनकोट पहिल्या क्रमांकावर गेला. साहजिकच ऊन पडले त्या दिवशीही मुले रेनकोट घालून शाळेत गेली, कारण तो घेतलेला होता.

अखेर पहिला दिवस. शाळेला तोरण, दारात रांगोळी. पहिलीच्या मुलांची मिरवणूक बैलगाडीतून किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून निघते. डोक्यावर कागदी टोप्या, पुढे लेझीम. शाळेच्या दारात औक्षण होते आणि कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून कागदावर पहिल्या पावलाचा ठसा घेतला जातो. ठशासाठी एक पाय पुरतो. मूल दोन्ही बुडवते आणि नंतर ओटाभर चालते. फुगे वाटतात. भाषणे होतात, त्यांत बालकांना ‘उद्याचे आधारस्तंभ’ म्हटले जाते, आणि एका आधारस्तंभाचा फुगा फुटतो. तो रडतो. त्याला पाहून शेजारचा रडतो, आणि रडे रांगेने शेवटपर्यंत जाऊन परत येते. शिक्षिकांना हे नवे नसते. त्या गोड जेवण लवकर वाढायला सांगतात. दहा मिनिटांत सारे शांत. फाटकाबाहेर आई मधल्या सुट्टीपर्यंत उभी असते. आजोबा खिडकीशी. वडील शिफ्टवर असतात आणि फोनवर तीनदा “रडला का?” विचारतात. “नाही” असे उत्तर मिळाल्यावर त्यांचा आवाज थोडा पडतो.

पुढचे दोन आठवडे शाळा भरते, पण पूर्ण भरत नाही. लोणी देवकर तुकोबांच्या पालखीच्या वाटेवर नाही. पालखी बारामती, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूरला येते. मुक्कामाच्या गावांत शाळांच्या खोल्या दिंड्यांना लागतात आणि आसपासच्या गावांतली मुले ट्रॉलीत बसून इंदापूरच्या रिंगणाला जातात. अश्व धावताना पाहिलेले मूल दुसऱ्या दिवशी वर्गात बसत नाही, धावते. बेंदराला बैल रंगवायचे असतात, आणि ज्यांच्याकडे बैल उरले नाहीत त्यांची मुले ट्रॅक्टर रंगवतात. जूनच्या अखेरीस हिशेब केला तर दोन खोडरबर, कंपासपेटीतले कर्कटक, एक मोजा आणि बाटलीचे झाकण गेलेले असते. मुलाला बाईंचे नाव, मधल्या सुट्टीची वेळ आणि घसरगुंडीची रांग कोणत्या बाजूने मोडता येते हे आलेले असते. महिन्याभरात एवढी प्रगती समाधानकारक मानतात.

एक वस्तू मात्र कोणत्याही शाळेच्या यादीत नसते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात, रात्री नऊच्या सुमारास, दुकाने बंद झाल्यावर आणि वडिलांनी अंगावर चादर ओढल्यावर, मूल उठून सांगते की उद्या प्रकल्पाला चार्ट पेपर न्यायचाय. ते त्याला सोमवारीच सांगितलेले असते. पालकांनी जूनमध्येच चार चार्ट पेपर आणून ठेवावेत: दोन पांढरे, एक पिवळा, एक आकाशी. गुंडाळून, रबर लावून कपाटावर ठेवावेत. ते तिथे आहेत हे मुलाला मात्र कळू देऊ नये.